लिनक्सवर स्वतःचा मेल सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या कंपन्या, छापखाने, क्लासेस, विश्वस्त संस्था आणि काही हौशी मंडळी यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डेबियन किंवा उबुंटूवर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही जोडी बसवायची आहे असं धरून उत्तरं दिली आहेत. फाइलींची आणि सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती अर्थात रोमन लिपीत. नमुन्याचं डोमेन सगळीकडे उदाहरण.इन.

१. मेल सर्व्हर बसवायचा म्हणजे नेमकं काय काय बसवायचं? एकच पॅकेज नसतं का?

नसतं. कामं तीन आणि ती करणारे प्रोग्रॅमही तीन. पोस्टफिक्स बाहेरच्या सर्व्हरांशी एसएमटीपी बोलतो, म्हणजे मेल घेतो आणि पाठवतो. डव्हकॉट आलेला मेल डब्यात ठेवतो, फोन किंवा थंडरबर्डला आयमॅपवरून दाखवतो आणि पाठवणाऱ्याचा पासवर्डही पोस्टफिक्ससाठी तपासून देतो. आरस्पॅमडी स्पॅम ओळखतो आणि जाणाऱ्या मेलवर डीकेआयएमची सही करतो (प्रश्न ७). ब्राउझरमधून मेल वाचायचा असेल तर चौथा राउंडक्यूब.

हे सगळं एकत्र बांधून देणारे मेलकाउ, आयरेडमेल, मेल-इन-अ-बॉक्स असे संच आहेत आणि ते चांगले आहेत. तरी एकदा सगळं हाताने जोडून पाहा, मग संच वापरा. बिघाड झाल्यावर कुठला तुकडा रुसलाय हे ओळखता येणं हीच यातली खरी विद्या.

२. केवढा सर्व्हर लागतो?

वीस-पंचवीस माणसांच्या कार्यालयाला दोन जीबी रॅम पुरते, पण त्यात क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम धरलेला नाही. तो एकटाच एक जीबीहून जास्त खातो. मेलकाउ घ्यायचं तर सहा जीबी धरून चला. डिस्कचा हिशेब माणसं किती यापेक्षा ती मेल खोडतात का यावर ठरतो. खोडत नाहीत.

३. हे करावं का? खरं सांगा.

मेल स्वीकारणं सोपं आहे, ते बेलाशक स्वतः करा. मेल पाठवणं, म्हणजे समोरच्याच्या इनबॉक्सात पोचवणं, हे वेगळंच प्रकरण. त्यातला बराचसा भाग तुमच्या सर्व्हरवर घडतच नाही. तो डीएनएसमध्ये (नावांवरून आयपी पत्ते सांगणारी इंटरनेटची नोंदवही), आयपी पत्त्याच्या इतिहासात आणि गूगल-मायक्रोसॉफ्टच्या गाळण्यांत घडतो. उद्या सकाळी ग्राहकाला बिल मिळालंच पाहिजे अशी स्थिती असेल, तर मधला मार्ग घ्या: येणारा मेल स्वतःच्या सर्व्हरवर आणि जाणारा एखाद्या पैसे देऊन घेतलेल्या रिले सेवेतून, म्हणजे तुमचा मेल आपल्या सर्व्हरांवरून पुढे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी रिलेहोस्ट ही एक ओळ, शिवाय रिलेचं लॉगिन. यात कमीपणा काही नाही. डबे, नोंदी, बॅकअप तरीही तुमच्याच ताब्यात राहतात.

४. पोस्टफिक्सच का? सेंडमेल, एक्झिम का नको?

एक्झिम उत्तम आहे. १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी तो लिहिला आणि डेबियनचा मूळचा मेल प्रोग्रॅम आजही तोच. पोस्टफिक्स वीत्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिला. सेंडमेलमधल्या सुरक्षेच्या भोकांना कंटाळलेल्या काळातली ती रचना: एकच मोठा सर्वाधिकारी प्रोग्रॅम न ठेवता कामं लहान लहान प्रोग्रॅमांत वाटलेली, प्रत्येकाला गरजेपुरतेच अधिकार. सेटिंग वाचून कळतात आणि अडल्यावर मदत सापडते, म्हणून नवख्याला पोस्टफिक्स. आधीच एक्झिम येत असेल तर बदलू नका.

५. घरच्या ब्रॉडबँडवर जुना कॉम्प्युटर ठेवून चालेल का?

शिकायला चालेल, वापरायला नाही. घरच्या जोडणीचा आयपी बदलता असतो. अनेकदा तो तुमचा एकट्याचाही नसतो, कारण कंपनी एकाच पत्त्यामागे बरीच घरं बसवते. असे पत्ते स्पॅमहाउस या स्पॅमच्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या पीबीएल यादीत असतात. त्यांनी काही गुन्हा केलेला असतो असं नाही. तिथून थेट मेल निघणं अपेक्षितच नाही, एवढंच. कार्यालयाला स्थिर आयपी असलेली लीज्ड लाइन असेल आणि कंपनी पीटीआर नोंद (प्रश्न ६) करून देणार असेल, तर मात्र मार्ग मोकळा.

६. डीएनएसमध्ये किमान काय हवं?

मेल.उदाहरण.इन या नावाला ए नोंद, म्हणजे नावावरून आयपी. उदाहरण.इन ची एमएक्स नोंद, जी या नावाकडे बोट दाखवते. एमएक्समध्ये थेट आयपी लिहू नका, आणि सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाला दिलेलं टोपणनाव, तेही नको. तिसरी पीटीआर, म्हणजे आयपीवरून नाव, आणि लोक अडतात ते इथेच. ही नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये सापडणार नाही. आयपी ज्याचा त्याच्याकडे, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडे किंवा इंटरनेट कंपनीकडे ती असते. पीटीआरमधलं नाव, ए नोंदीतलं नाव आणि पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ मधलं मायहोस्टनेम ही तिन्ही तंतोतंत एकच ठेवा.

७. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क: तिन्ही लागतात का? एक केलं तर भागत नाही का?

तिन्ही करा. तिघांची कामं वेगळी आहेत आणि गोंधळ होतो तो ती एकच समजल्यामुळे.

या डोमेनचा मेल कुठल्या आयपीवरून निघू शकतो हे एसपीएफ सांगतो. पण तो तपासतो पाकिटावरचा पत्ता, जो वाचणाऱ्याला दिसत नाही. दिसणाऱ्या 'फ्रॉम' ओळीशी त्याला देणंघेणं नाही. डीकेआयएम मेलवर सही करतो. सहीची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये असते, त्यामुळे मजकूर वाटेत बदलला तर सही जुळत नाही. डीमार्क या दोघांना दिसणाऱ्या फ्रॉमशी बांधतो: एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक उत्तीर्ण झालं पाहिजे, आणि तेही फ्रॉममधल्याच डोमेनसाठी. कोणाच्या तरी दुसऱ्याच डोमेनची वैध सही मेलवर असली तर डीमार्कच्या लेखी ती शून्य.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने हे सक्तीचं केलं. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि शिवाय पीटीआर हवाच; दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही आणि प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढण्याची सोयही. तुम्ही दिवसाला चाळीसच मेल पाठवत असाल तरी तिन्ही करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

डीमार्कचं धोरण सुरुवातीला 'नन' ठेवा आणि अहवाल मागवण्यासाठी एक पत्ता द्या. एक-दोन आठवडे अहवाल पाहिले की कळतं, हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा संकेतस्थळाचा संपर्क अर्ज तुमच्या नावाने परस्पर मेल पाठवतोय. ते सरळ करून मग 'क्वारंटाइन' आणि शेवटी 'रिजेक्ट'.

८. एसपीएफ नोंद आहे, तरी तपासणीत 'पर्मएरर', म्हणजे नोंदीतच चूक, असं येतं.

बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक. एका डोमेनला एसपीएफच्या दोन नोंदी झाल्यात (जुन्या होस्टिंगवाल्याची काढायची राहून गेली), किंवा नोंद तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या होतात. मर्यादा दहाचीच आहे आणि प्रत्येक 'इन्क्लूड' मोजला जातो, त्याच्या पोटातले इन्क्लूडही. न्यूजलेटर, हेल्पडेस्क, बिलिंग असं सगळं जोडत गेलं की दहा केव्हा ओलांडले कळत नाही. वापरात नसलेले काढा, आयपी ठाऊक असतील तिथे सरळ आयपी लिहा.

९. डीकेआयएमची किल्ली डीएनएसचं पॅनेल स्वीकारतच नाही.

टेक्स्ट नोंदीतला एक तुकडा २५५ अक्षरांपर्यंतच असू शकतो आणि २,०४८ बिटांची किल्ली त्याहून लांब असते. ती दोन अवतरणांत तोडून द्यायची. वाचणारा ती जोडून घेतो. काही पॅनेलं हे आपोआप करतात, काही चूपचाप शेपूट कापतात. म्हणून भरल्यावर डिग कमांडने नोंद परत वाचून मूळ किल्लीशी ताडून पाहा.

१०. भाड्याच्या सर्व्हरवरून मेल बाहेरच जात नाही. लॉगमध्ये 'कनेक्शन टाइम्ड आउट'.

बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद असणार. स्पॅमवाले तासाभरासाठी सर्व्हर घेऊन पळतात म्हणून बऱ्याच क्लाउड कंपन्या ते बंदच ठेवतात. अ‍ॅमेझॉनकडे अर्ज करून उघडून घेता येतं. गूगल क्लाउडवर बाहेरच्या पत्त्यांसाठी ते सहसा बंदच राहतं, तिथे रिलेशिवाय गत्यंतर नाही. सर्व्हर घेण्याआधी विचारा, वर्षाचे पैसे भरल्यावर नव्हे.

त्याच ओघात बाकीची पोर्टं: २५ फक्त सर्व्हर-सर्व्हरमध्ये. माणसांनी मेल पाठवायचा तो ४६५ (सुरुवातीपासून टीएलएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी) किंवा ५८७ (स्टार्टटीएलएस, म्हणजे साधी सुरू झालेली जोडणी नंतर कूटबद्ध करणं) वरून, पासवर्डसह. वाचायला ९९३. पीओपी, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून घेण्याची जुनी पद्धत, आजच्या दिवसात टाळा. कोणीतरी एका लॅपटॉपवर सगळा मेल ओढून घेतो आणि मग लॅपटॉप चोरीला जातो.

११. प्रत्येक माणसासाठी लिनक्सवर वेगळा वापरकर्ता बनवायचा का?

नको. आभासी डबे ठेवा: सगळा मेल एका व्हीमेल वापरकर्त्याच्या मालकीचा, पत्ते आणि पासवर्ड एका साध्या फाइलीत किंवा मारियाडीबीत. पन्नास पत्त्यांपर्यंत डेटाबेसची गरज नसते.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे उदाहरण.इन हे डोमेन मायडेस्टिनेशन (लिनक्सच्या वापरकर्त्यांची डोमेनं) आणि व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स (आभासी डब्यांची डोमेनं) अशा दोन्ही ठिकाणी लिहिणं. पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतो, तो कोणी वाचत नाही, आणि नव्या पत्त्यांवरचे मेल 'असा वापरकर्ताच नाही' म्हणून परत जातात. डोमेन एकाच जागी असू द्या. मांडामांड चालू असेपर्यंत मेन.सीएफ मध्ये सॉफ्ट बाउन्स 'येस' ठेवा. मग कायमचा नकार तात्पुरता होतो आणि समोरचा सर्व्हर मेल परत न पाठवता पुन्हा प्रयत्न करतो. काम झालं की ती ओळ काढायला विसरू नका.

१२. मार्गदर्शिकेप्रमाणे डव्हकॉटची सेटिंग जशीच्या तशी भरली, तरी तो सुरूच होत नाही.

आवृत्ती पाहा. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या डव्हकॉट २.४ ने सेटिंगांची मांडणीच बदलली. जुनं मेल लोकेशन गेलं, त्याजागी मेल ड्रायव्हर आणि मेल पाथ आले. फाइलीच्या सुरुवातीला आवृत्ती सांगणारी ओळ सक्तीची झाली. डेबियन १३ मध्ये २.४ आहे, उबुंटू २४.०४ मध्ये अजून २.३. जाळ्यावरच्या बहुतेक मार्गदर्शिका २.३ च्या आहेत. जुनी फाइल दुरुस्त करत बसण्यापेक्षा २.४ ची मूळ फाइल घेऊन तीत आपले बदल करणं कमी त्रासाचं.

१३. प्रमाणपत्र नवं झालंय, तरी फोन म्हणतो मुदत संपली.

लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं टीएलएस प्रमाणपत्र ९० दिवसांचं. सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते नवं करतो, पण चालू असलेल्या डव्हकॉटच्या हातात जुनंच राहतं. सर्टबॉटच्या रिन्यूअल-हुक्स फोल्डरातल्या डिप्लॉयमध्ये दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा: पोस्टफिक्स रीलोड, डव्हकॉट रीलोड.

१४. माझा सर्व्हर ओपन रिले आहे असं पत्र आलं. मी तर काहीच उघडं ठेवलं नव्हतं.

ओपन रिले म्हणजे कोणाचाही मेल पासवर्डशिवाय पुढे धाडणारा सर्व्हर. पोस्टफिक्स मूळ स्थितीत बंदच असतो. तो उघडतो मायनेटवर्क्समुळे. या यादीतल्या पत्त्यांना पासवर्डशिवाय पाठवायची मुभा असते. कार्यालयाचा राउटर किंवा डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) वाटेत असेल आणि येणाऱ्या प्रत्येक जोडणीवर तो स्वतःचा अंतर्गत पत्ता चिकटवत असेल, तर पोस्टफिक्सला सगळं जग घरातलंच वाटतं. लॉगमध्ये बाहेरून आलेल्या जोडण्यांचा पत्ता १७२ किंवा १९२.१६८ ने सुरू होताना दिसला, तर हेच. मायनेटवर्क्समध्ये फक्त १२७.०.०.१ आणि त्याचं आयपीव्ही६ रूप ठेवा. प्रिंटर-स्कॅनरलाही पासवर्ड द्या.

१५. सगळ्या तपासण्या हिरव्या, तरी जीमेल स्पॅममध्ये टाकतं. आउटलुक तर नाकारतंच.

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि याचं उत्तर कोणाला आवडत नाही. प्रश्न ६ आणि ७ मधल्या गोष्टींनी तुम्ही कोण हे सिद्ध होतं. तुम्ही चांगले आहात हे सिद्ध होत नाही. त्याला इतिहास लागतो. नवं डोमेन आणि नवा आयपी यांना तो नसतो, किंवा आयपीला आधीच्या भाडेकरूचा वाईट इतिहास असतो. काही वेळा शेजाऱ्यांमुळे पत्त्यांचा अख्खा पट्टाच अडवलेला असतो आणि तुमच्या हातात काहीच नसतं.

करण्यासारखं एवढं: सर्व्हर मिळाल्याच्या दिवशीच आयपी काळ्या याद्यांमध्ये पाहा आणि सापडला तर लगेच बदलून मागा, काही बसवायच्या आत. पहिले काही आठवडे ओळखीच्या, उत्तर देणाऱ्या माणसांनाच मेल पाठवा. पाचशे सभासदांना वार्षिक सभेची सूचना हा नव्या सर्व्हरचा पहिला मेल असू नये. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या एसएनडीएसमध्ये नोंदणी करा. महिनाभरात फरक पडला नाही तर प्रश्न ३ मधला रिले घ्या आणि झोप काढा.

१६. काही मेल जातात, काही नाही, आणि जीमेलच्या नकारात आयपीव्ही६ पत्ता दिसतो.

सर्व्हरला आयपीव्ही६ आहे, पण पीटीआर तुम्ही फक्त आयपीव्ही४ ची केलीत. पोस्टफिक्स कधी याने, कधी त्याने जातो, म्हणून बिघाड अधूनमधून दिसतो. आयपीव्ही६ चीही पीटीआर करा आणि एसपीएफमध्ये तो पत्ता धरा. जमत नसेल तर आयनेट प्रोटोकॉल्स हे सेटिंग आयपीव्ही४ वर ठेवा. त्याने आजच्या घडीला काही अडत नाही.

१७. स्पॅम यादी जोडली आणि एकही मेल येईना. सगळेच नाकारले जातायत.

स्पॅमहाउसला तुमची चौकशी ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (तुमच्या वतीने डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरमार्फत) जाते आहे. त्यांना ते चालत नाही आणि ते उत्तर देतात १२७.२५५.२५५.२५४, म्हणजे 'अशी विचारणा करू नका'. पोस्टफिक्स मात्र कुठलंही उत्तर आलं की पत्ता यादीत आहे असं समजतो. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवून त्याच्यामार्फत विचारा, आणि नियमातही लिहा की उत्तर १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ यांतलं असेल तरच नकार.

ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी सर्व्हरला 'थोड्या वेळाने या' सांगणं, स्पॅमवर चालतं. पण बँकेचा ओटीपी पंधरा मिनिटांनी येतो आणि शिव्या तुम्हाला बसतात. मी लावत नाही.

१८. संस्थेच्या पत्त्यावरचे मेल पदाधिकाऱ्यांच्या जीमेलवर पुढे पाठवतो. काही पोचत नाहीत.

पुढे पाठवलेला मेल तुमच्या आयपीवरून निघतो, जो मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफमध्ये नाही. त्याची डीकेआयएम सही शाबूत असेल तर डीमार्क निभावतो. सही नसेल, किंवा तुम्ही विषयात '[संस्था]' असं जोडून ती मोडली असेल, तर संपलं. पोस्टएसआरएसडी पाकिटावरचा पत्ता तुमच्या डोमेनचा करतो, त्याने एसपीएफ सुटतो पण डीमार्कची फ्रॉमशी जुळणी होत नाही. शिवाय संस्थेला आलेला स्पॅमही तुमच्याच आयपीवरून जीमेलला जातो आणि प्रश्न १५ मधला इतिहास खराब करतो. अध्यक्षांच्या फोनमध्ये आयमॅप खातं जोडून द्या. पाच मिनिटं लागतात, समजूत घालायला अर्धा तास.

१९. रांगेत अचानक हजारो मेल साचले.

कोणाचा तरी पासवर्ड फुटला. लॉगमध्ये एसएएसएल युजरनेम (मेल पाठवताना लॉगिन केलेलं नाव) शोधा, एकच नाव वारंवार दिसेल. क्रम महत्त्वाचा: आधी पासवर्ड बदला, मग पोस्टफिक्स रीस्टार्ट करा (चालू जोडणी पासवर्ड बदलल्याने तुटत नाही), आणि त्यानंतरच पोस्टसुपरने त्या खात्याचे मेल रांगेतून काढा. उलट केलंत तर काढताय तेवढे भरत राहतील. पुढच्या वेळेसाठी आरस्पॅमडीत प्रत्येक खात्याला तासाची मर्यादा घाला.

रांगेत दोन-चारच मेल असतील तर घाबरू नका. ४ ने सुरू होणारं उत्तर तात्पुरतं असतं, पोस्टफिक्स पाच दिवस प्रयत्न करत राहतो. ५ ने सुरू होणारं कायमचं.

२०. सर्व्हर बंद पडला तर मेल हरवतील. दुसरा एमएक्स ठेवू का?

हरवत नाहीत, चांगले सर्व्हर चार-पाच दिवस थांबून पुन्हा येतात. दुसऱ्या एमएक्सकडे खऱ्या पत्त्यांची यादी नसली तर तो वाटेल ते स्वीकारतो आणि मग नसलेल्या पाठवणाऱ्यांना परतीचे मेल धाडतो. तो वेळ बॅकअपवर घालवा: डबे, सेटिंगं, पासवर्डांची फाइल आणि डीकेआयएमची खाजगी किल्ली.

२१. दहा एमबीची पीडीएफ जात नाही.

पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट. जोडलेली फाइल वाटेत साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून प्रत्यक्षात सात एमबीच्या थोडं पुढे अडतं. मेसेज साइज लिमिट वाढवा, पण जीमेलवरून पाठवायची मर्यादा २५ एमबी आहे, तेव्हा त्यापलीकडे जाऊन फारसा उपयोग नाही.

२२. लॉग किती दिवस ठेवायचे? आणि मेल.लॉग फाइलच सापडत नाही.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार, डेटा सेंटरं आणि सरकारी कार्यालयांनी १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत. लॉग फाइलींत लिहिणाऱ्या आरसिसलॉगची डेबियनवरची मूळ मांडणी चार आठवड्यांनंतर लॉग पुसते, ती वाढवून घ्या. डेबियन १२ पासून आरसिसलॉग आपोआप बसत नाही, म्हणून फाइल दिसत नाही. नोंदी जर्नलसीटीएल कमांडने वाचता येतात. जुनी सवय सुटत नसेल तर आरसिसलॉग बसवा.

२३. पत्ता देवनागरीत ठेवता येतो का?

येतो. .भारत हे डोमेन २०१४ पासून मिळतं आणि पोस्टफिक्स ३.० पासून एसएमटीपीयूटीएफ८, म्हणजे रोमनेतर लिपीतल्या पत्त्यांची सोय, आहे. ते सुरू करा आणि डोमेनची देवनागरी व एक्सएन ने सुरू होणारी रोमन अशी दोन्ही रूपं सेटिंगांत लिहा, कारण पोस्टफिक्स ती आपसांत बदलून घेत नाही. जीमेल असे पत्ते २०१४ पासून ओळखतं. पण साखळीतला पुढचा कुठलाही एक सर्व्हर, अगदी तुमचा स्वतःचा डबे सांभाळणारासुद्धा, ही सोय जाहीर करत नसेल तर मेल परत येतो. म्हणून जोडीला रोमन पत्ता ठेवाच.

मराठीची एक खास अडचण आहे. @ च्या आधीचा भाग जसा टाइप झाला तसाच जुळवला जातो. 'ॲडमिन' मधलं पहिलं अक्षर एकाच दिसण्याचं असूनही कीबोर्डाप्रमाणे वेगवेगळ्या संकेतांत टाइप होतं. 'ऱ्य' चंही तसंच, कधी त्यात न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत लपलेला असतो. डोळ्यांना पत्ता एक, सर्व्हरला तीन. अशी अक्षरं टाळा, 'माहिती' किंवा 'संपर्क' यांसारखे सरळ शब्द घ्या, आणि पत्रिकेवर छापण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या फोनांवरून तो टाइप करून मेल पाठवून पाहा.